सूर्यमाळवरची विरळ हवा

लहान विमानात थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याच्या शेजारी एक लाल मूठ असते. ती पुढे दाबलेली असली की इंजिनाला भरपूर पेट्रोल मिळतं. मागे ओढत गेलं की पेट्रोल कमी होत जातं आणि पूर्ण बाहेर ओढली की इंजिन बंद. तिला मिक्श्चर म्हणतात. मी नोकरीची सगळी वर्षं या मुठीवर हात ठेवून काढली. आता जव्हारला येऊन राहिले आहे. इथले लोक विचारतात, "मॅडम, विमानात बसून नक्की करायचं काय असतं?" धावपट्टी, ढग, वारा हे सगळं सांगून झालं की मी या लाल मुठीवर येते, आणि तिथून सूर्यमाळवर. म्हणून या अंकासाठी लिहायला बसले तेव्हाही हात त्याच गोष्टीकडे गेला.

मी मूळची जव्हारजवळच्या साखरशेतची. घरी भात आणि नाचणी, शिक्षण आश्रमशाळेत, मग सरकारी शिष्यवृत्ती आणि एका फ्लाइंग क्लबात प्रवेश. हे कसं जुळून आलं ते सांगत बसले तर दुसऱ्या कशालाच जागा उरणार नाही. जुळलं, एवढं खरं. वैमानिक झाले, पुढे त्याच क्लबात शिकवायला लागले आणि उत्तरार्धात हवाई सर्वेक्षण करणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेले.

मुठीचं काम आधी नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते. जमिनीजवळ हवा दाट असते. जसजसं वर जाऊ तशी ती विरळ होते. पेट्रोल मात्र त्या मानाने कमी होत नाही, येतच राहतं. चुलीत लाकडं ठासून भरली आणि वारा जायला फटच ठेवली नाही तर काय होतं? धूर होतो, भांड्याचं बूड काळं होतं आणि पाणी काही उकळत नाही. इंजिनाचं तेच. पेट्रोल जास्त होऊन प्लगवर काजळी धरते, इंजिन घुसमटतं, ताकद उतरते. अशा वेळी वैमानिकाने लाल मूठ थोडी थोडी मागे घ्यायची आणि पेट्रोल हवेच्या मापाला आणायचं. माप जमलं की पंख्याचे फेरे वाढतात, इंजिनाचा आवाज मोकळा होतो. जास्त ओढली तर इंजिन थरथरायला लागतं. मग केसभर पुढे. बस, एवढीच विद्या. पण चुकलं तर महाग पडते. जमिनीजवळ, पूर्ण ताकद लावलेली असताना पेट्रोल कमी केलं तर इंजिन आतून तापतं आणि पिस्टन जळतो.

पेट्रोल जास्त म्हणजे ताकद जास्त, असं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाटतं. शिवाय ही मूठ इंजिन बंद करते, हे पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. त्यामुळे तिची भीती बसते ती बसतेच. मला त्यातला सगळ्यात आठवतो तो एक दातांचा डॉक्टर. पन्नाशीत विमान शिकायला आला होता. मनुष्य अतिशय हौशी आणि तितकाच गप्पिष्ट. आमच्या विमानात या लाल मुठीजवळच एक काळी मूठ होती. ती ओढली की कार्बुरेटरमध्ये, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात तिथे, गरम हवा सोडली जाते. दमट हवेत कार्बुरेटरच्या घशात बर्फ धरतो, अगदी आपल्याकडच्या उकाड्यातसुद्धा. तो धरू नये म्हणून उतरण्याआधी ही काळी मूठ ओढायची असते. डॉक्टरसाहेब नाशिकच्या द्राक्षांबद्दल काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, "कार्बुरेटर हीट." त्यांनी बोलणं न थांबवता लाल मूठ खर्रकन बाहेर ओढली.

इंजिन गप्प. नुसता वाऱ्याचा आवाज.

डॉक्टर माझ्याकडे वळून प्रसन्नपणे म्हणाले, "मॅडम, आता किती छान ऐकू येतंय, नाही?"

मी मूठ आत ढकलली. पंखा वाऱ्याने फिरतच होता, त्यामुळे इंजिन लगेच सुरू झालं. डॉक्टरांना काय घडलं ते धावपट्टीवर उतरल्यावर कळलं आणि मग मात्र त्यांना खुर्ची द्यावी लागली. पुढे ते चांगले वैमानिक झाले. दात मात्र मी त्यांना कधी दाखवले नाहीत.

सर्वेक्षणाच्या कंपनीत आले तेव्हा या मुठीची मला इतकी सवय होती की तिच्याबद्दल कुणी वाद घालेल असं वाटलंच नव्हतं. पण पहिल्या दिवशी विमानात बसले आणि पाहते तर लाल मुठीच्या वर चिकटपट्टी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'हात लावू नये.'

हे परेराकाकांचं काम होतं. परेराकाका आमच्या कंपनीचे मुख्य मेकॅनिक. वसईचे, उंच, डोक्यावर पांढरे केस आणि कमरेला कायम एक फडकं खोचलेलं. विमान उडण्यालायक आहे की नाही यावर शेवटची सही त्यांची. त्यामुळे त्यांचा शब्द मालकसुद्धा मोडत नसत. मी पट्टीबद्दल विचारलं तेव्हा ते मला त्यांच्या टेबलाजवळ घेऊन गेले. टेबलावर एक पिस्टन होता. त्याच्या डोक्यात आरपार भोक.

"माझ्याआधीच्या पायलटने केलंय हे?" मी विचारलं.

"धावपट्टी सोडली आणि लगेच मूठ मागे घेतली त्याने. पेट्रोल वाचवायला," काका म्हणाले. "उतरला कसाबसा. तो गेला दुसऱ्या कंपनीत. इंजिन मी उघडलं. ज्या दिवशी उघडलं त्या दिवशी पट्टी लावली. तू नवीन आहेस, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगतो, ही पट्टी तुझ्यासाठी नाही. सगळ्यांसाठी आहे."

त्यांचं म्हणणं खालच्या उंचीपुरतं बरोबर होतं. वरच्या उंचीचं काय, हा प्रश्न मी तेव्हा काढला नाही, कारण गरजच पडली नव्हती. गरज पडली ती आमच्याच भागाचं काम आलं तेव्हा.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांसाठी पाण्याची योजना आखायची होती. वीज आणि पंप यांच्या भरवशावर न राहता उंचावरच्या झऱ्याचं पाणी नळाने आपोआप खाली पाड्यांवर आणता येईल का, ते पाहायचं होतं. त्यासाठी झरा किती उंच आणि पाडा किती उंच हे नेमकं कळायला हवं. आमच्या विमानाच्या तळाला भोक पाडून कॅमेरा बसवलेला होता. सरळ रेषांमध्ये, शेत नांगरावं तसं पुढेमागे उडत जायचं आणि फोटो घ्यायचे. त्या फोटोंवरून डोंगरदऱ्यांच्या उंचीचा नकाशा तयार होतो. अट एकच: जमीन आणि विमान यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. जमीन उंच, तर विमानही तेवढंच उंच हवं.

जव्हारचा भाग साडेनऊ हजार फुटांवरून झाला. साखरशेत झालं. आमच्या घराचा कौलारू चौकोन मला वरून ओळखता आला, तेव्हा मागच्या सीटवरच्या नितीनला मी ओरडून सांगितलं. नितीन हा आमचा कॅमेरावाला. त्याला विमान लागायचं, तरी पठ्ठ्या रोज यायचा. पिशवी हातात धरून त्याने माझं अभिनंदन केलं.

मग मोखाड्याचा वरचा पट्टा आला, सूर्यमाळचा. तिथला डोंगर उंच, त्यामुळे आम्हाला अकरा हजार फूट गाठायचे होते. आमचं विमान एका इंजिनाचं आणि जुनं. साडेनऊ हजारांच्या वर ते जाईना. नाक उचलावं तर वेग पडायचा, वेग सांभाळावा तर चढ संपायचा. तीन वेळा गेलो आणि तीन वेळा तसेच परत आलो. ऑक्टोबर सरत आला होता. पावसाने धुतलेली स्वच्छ हवा आता थोडेच दिवस टिकणार होती. एकदा धुरकट झालं की फोटो निरुपयोगी.

काम करून घेणाऱ्यांच्या बाजूने सातपुतेसाहेब नावाचे अभियंते होते. सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, वरचा पट्टा सोडून द्यावा लागेल. पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा कधी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटं कशाला बोलू? पुढचा टप्पा येईलच असं नाही. आणि नकाशात जे नाही ते योजनेत नसतं. चार दिवस थांबतो मी. त्याच्या आत झालं तर झालं."

त्या रविवारी मी सूर्यमाळला गेले. माझी मंजुळामावशी तिथल्या एका पाड्यावर राहते. मला लहानपणी तिने सांभाळलं आहे. ती अंगणात नाचणी वाळत घालत होती.

"तुझं इमान रोज वरून जातं," ती म्हणाली. "पोरा बोंबलतात, कमळमावशी आली, कमळमावशी आली. फोटू काढला का आमचा?"

"नाही ना. अजून वर जायला हवं. विमानाला चढ जमत नाहीये."

"आमी तर रोज चढतो," मावशी म्हणाली, "दोन दोन हंडे घेऊन."

ती थट्टेत बोलली होती. मला काही हसू आलं नाही. आता झऱ्याला पाणी होतं. शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसायचा आणि मग बायांना दरी उतरून नदीच्या डबक्यापर्यंत जावं लागायचं. मावशीच्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झाले होते, हंड्याच्या चुंबळीने. ती मला दरीच्या तोंडापर्यंत पोहोचवायला आली. समोरच्या उंच खडकातून एक पांढरी धार उतरताना दिसत होती.

"ती धार आटत नाय कवा," मावशीने दाखवलं. "पर तिकडं जायला वाटच नाय. आमचे पाड्याच्या वर हाय का खाली, तेबी कुनाला माहीत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परेराकाकांसमोर उभी राहिले.

"काका, मला लाल मूठ वापरू द्या."

"नाही."

"खाली नाही वापरणार. पाच हजारांच्या वर गेल्यावर. तिथे इंजिनाला हवाच कमी मिळते, ते जळायचं कसं? उलट घुसमटतंय. तुम्ही प्लग काढून बघा."

काकांनी फडक्याला हात पुसले. पाना घेतला आणि एक प्लग काढला. काळाकुट्ट होता, बोटाला काजळ लागलं. दुसरा काढला. तोही तसाच. ते बराच वेळ बोट चोळत राहिले.

"काजळी मला माहीत होती," शेवटी ते म्हणाले. "दर वेळी मी साफ करतो. मला वाटायचं, काजळी परवडली, भोक नको."

"दोन्ही नको असलं तर?"

"तर मला दिसलं पाहिजे आत काय चाललंय ते. तुझ्या कानावर मी इंजिन सोडणार नाही."

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी एका दुरुस्तीला आलेल्या विमानाच्या मालकाला फोन करून परवानगी घेतली आणि त्या विमानातला, धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचं तापमान दाखवणारा काटा काढून आमच्या विमानात बसवला. मूठ मागे घेत गेलं की धूर गरम होत जातो आणि काटा चढतो. एका जागी पोहोचून तो परत उतरायला लागतो. ती सगळ्यात वरची जागा कळली की तिच्या अलीकडे, पेट्रोल थोडं जास्त ठेवून थांबायचं. तिथे ताकद पुरेपूर मिळते आणि इंजिनही सुरक्षित राहतं. काम झाल्यावर काकांनी ती चिकटपट्टी नखाने सोलून काढली आणि चुरगाळून खिशात टाकली.

"आता तुम्हीही चला," मी म्हटलं.

काका एक पाऊल मागे सरकले. तेव्हा कंपनीतल्या जुन्या लोकांनी मला डोळ्यांनी खुणा केल्या. मला माहीत नव्हतं, पण परेराकाका विमानात बसत नसत. आयुष्य विमानांच्या पोटात हात घालण्यात गेलं, पण जमीन त्यांनी कधी सोडली नव्हती.

"मी इंजिनाला वर पाठवतो," ते म्हणाले. "स्वतः जात नाही."

"काटा बघायला कुणीतरी हवं. नितीन तर पिशवी धरून बसलेला असतो."

नितीनने मान डोलावली. काकांनी क्रूसाची खूण केली, टोपी घातली, काढली, परत घातली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पट्टा त्यांनी इतका घट्ट आवळला की त्यांना श्वास घेता येईना. मी सैल करून दिला.

वर जाताना त्यांनी बाहेर पाहिलंच नाही. डोळे काट्यावर. पाच हजारांपर्यंत मी लाल मुठीला बोट लावलं नाही. मग सुरुवात केली. दर हजार फुटांना थोडी मागे. काका काटा सांगायचे, मी मूठ सांभाळायची. साडेनऊ हजारांची ती नेहमीची जागा आली, जिथे विमान हात टेकायचं. त्या दिवशी ते थांबलंच नाही. चढ दाखवणारं घड्याळ शांतपणे वरच राहिलं.

"थांब," काका म्हणाले. "आवाज बदलला."

"चांगला की वाईट?"

त्यांनी डोळे मिटले. चाळीसेक इंजिनं वेगळी करून जोडलेला माणूस, डोळे मिटून ऐकत होता. "मोकळा झाला," ते म्हणाले. "खोकला गेला याचा."

मी आणखी थोडी ओढली. इंजिन थरथरलं. लगेच काकांचा हात माझ्या हातावर आला आणि त्यांनी मूठ केसभर पुढे सारली. थरथर गेली. फेरे वाढले. दहा हजार. साडेदहा. अकरा हजारांवर विमान सपाट केलं तेव्हाही त्याच्यात चढायची ताकद शिल्लक होती.

मी काकांना म्हटलं, "आता एकदा बाहेर बघा."

त्यांनी बघितलं. खाली सूर्यमाळचे हिरवे डोंगर, त्यांच्या कुशीत ठिपक्यांसारखे पाडे, आणि पश्चिमेला पार समुद्रापर्यंत उतरत गेलेली जमीन. त्या टोकाला वसई असणार. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हे तुम्ही लोक रोज बघता? आणि वर पगारही घेता?"

मागून नितीन हसला आणि हसताना त्याला पिशवी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं काम. वजन कमी राहावं म्हणून काका खाली थांबले, रेडिओजवळ. मी आणि नितीन वर. अकरा हजार फूट धरले आणि रेषा सुरू केल्या. पहिली झाली, दुसरी झाली. हवा काचेसारखी. पण रात्री घाटात पाऊस पडून गेला होता आणि दहाच्या सुमारास खालून ढगांचे पांढरे गोळे फुगायला लागले. शेवटची रेषा उरली होती, बरोबर सूर्यमाळच्या पाड्यांवरून जाणारी. नितीन म्हणाला, "मॅडम, ढग आड यायच्या आत हीच."

रेषेवर आले आणि इंजिनाचे फेरे उतरायला लागले. हळूहळू, कुणी ब्रेकवर पाय दाबून धरावा तसे. मी मूठ तपासली, काटा पाहिला. मिश्रण बरोबर होतं. फेरे आणखी उतरले. मग धक्के सुरू झाले. विमान थरथरत खाली बसायला लागलं.

"मॅडम?" मागून आवाज आला.

"कॅमेरा थांबव."

खाली डोंगर आणि दऱ्या. उतरायला जागा म्हणावी अशी एकही नाही. पण माझे हात कामाला लागले होते. दमट हवा, समोर ढग, मिश्रण ठीक आणि फेरे हळूहळू उतरलेले. हा बर्फ होता. कार्बुरेटरच्या घशात बर्फ धरला होता. मी काळी मूठ पूर्ण ओढली आणि गरम हवा आत सोडली.

इंजिन जास्तच बिघडलं. धाड धाड करायला लागलं. नितीन मोठ्याने देवाचं नाव घेत होता. रेडिओवर काका विचारत होते, "काय झालं? कमळ, काय झालं?"

"बर्फ," मी म्हटलं. "गरम हवा दिलीय. वाईट चाललंय."

"वाईटच चालणार!" काका ओरडले. "बर्फ वितळून पाणी जातंय पोटात. बंद करू नकोस! आणि गरम हवा पण विरळच असते, लक्षात आहे ना?"

माझा हात तोवर लाल मुठीवर गेलाच होता. गरम हवा म्हणजे आणखी विरळ हवा. म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुन्हा जास्त होत होतं. मी मूठ मागे घेतली. थोडी. आणखी थोडी. इंजिनाने एक मोठा खोकला काढला, घसा मोकळा व्हावा तसा, आणि एकदम सूर धरला. फेरे चढले. काटा जागेवर आला. विमान सरळ झालं.

आम्ही तीनेकशे फूट खाली आलो होतो. समोर ढगांच्या दोन गोळ्यांच्या मधे सूर्यमाळ अजून उघडं होतं.

"नितीन, ठीक आहेस?"

"ठीक म्हणजे... आहे."

"रेषा घ्यायची का? नाही म्हणालास तर परत जाऊ. मी काही म्हणणार नाही."

त्याने पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "मॅडम, आता पिशवी पण भरली. परत जाऊन काय करू? घ्या."

काकांना रेडिओवर विचारलं. ते म्हणाले, "गरम हवा चालू ठेव, मूठ आहे तिथे धर. इंजिन माझं आहे, मी सांगतो, ते तुला सोडणार नाही." मी वळसा घेतला, गेलेली उंची हळूहळू परत मिळवली आणि रेषेवर आले. मागून कॅमेऱ्याची टक टक सुरू झाली. ढगाची कड उजव्या पंखाला लागता लागता रेषा संपली, आणि नितीनने मागून अशी आरोळी ठोकली की मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं.

उतरताना लाल मूठ थोडी थोडी पुढे देत खाली आले, कारण दाट हवेत इंजिनाला आता पेट्रोल परत हवं होतं. धावपट्टीच्या कडेला काका उभे होते. विमान थांबल्याबरोबर त्यांनी गरम इंजिनाचा प्लग काढला, बोटं भाजली तरी. खरपूस पापडाच्या रंगाचा, कोरडा, स्वच्छ. त्यांनी तो सातपुतेसाहेबांना दाखवला, मालकांना दाखवला, पहारेकऱ्याला दाखवला, आणि चहा घेऊन आलेल्या बाईंनाही दाखवला. बाई म्हणाल्या, "छान आहे हो." कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सातपुतेसाहेबांनी फोटो पडद्यावर एकेक जोडून पाहिले. कुठे फट नव्हती. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. मंजुळामावशीने दाखवलेली ती खडकातली धार पाड्यांपेक्षा बरीच उंच निघाली होती. नळ टाकला तर पाणी आपल्या पायांनी खाली येणार होतं, पंप नको, वीज नको.

सगळीकडे असं नशीब नव्हतं. जव्हारच्या वांगणीकडचे काही पाडे त्यांच्या झऱ्याच्या वर निघाले. तिथे पाणी आपोआप चढणार नव्हतं. त्यांच्यासाठी नकाशाने फक्त एवढंच सांगितलं की हे जमणार नाही. ते मला अजूनही लागतं. आणि आता ही कामं ड्रोन करतात, माणसाला वर जायची गरज नाही. आमचं विमान एका कॉलेजात गेलं, मुलं त्याचे सुटे भाग बघून शिकतात. नितीनने जमिनीवरचं काम धरलं. परेराकाका निवृत्त झाले, पण त्या एका दिवसानंतर ते दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून माझ्याबरोबर वर यायचे. निमित्तही फार विचार करून काढायचे नाहीत.

सूर्यमाळला नळ यायला दोन-तीन वर्षं लागली. पाणी सुटणार त्या दिवशी मला बोलावलं होतं. एप्रिल महिना, ऊन डोक्यावर. पाड्याच्या मधोमध सिमेंटचा ओटा आणि त्यावर नळ. आधी नुसती हवा फुसफुसली, मग लालसर पाणी आलं, मग स्वच्छ. बायांनी हंडे लावले. कुणी भाषण केलं नाही, कारण पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसतं.

मंजुळामावशीने हंडा भरला. तो घरी न नेता ती तिथेच ओट्याशेजारी उभी राहिली. मला वाटलं पूजा वगैरे करते आहे. तिने तो हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि लुगड्यासकट स्वतःच्या डोक्यावर ओतला. सगळा. भर दुपारी, एप्रिलात, पाणी तिच्या केसांतून, खांद्यांवरून धो धो खाली आलं आणि मातीत पसरलं.

"मावशी, अगं!" मी ओरडले.

"काय?" ती डोळ्यांवरचं पाणी निपटत म्हणाली. "सांडला तर सांडला. अजून हाय."

आणि तिने हंडा पुन्हा नळाखाली धरला. मागे बायांची रांग हसत होती. त्यातली एक पुढे आली आणि म्हणाली, "मंजुळे, सर की बाजूला. आथा माझी पाळी."